सुरांची नावनिशी

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. गायनाच्या शेवटी त्यांनी आपले नाव स्वतःच उच्चारले. दूर जर्मनीत तबकड्या घडविणाऱ्यांना नावाची चिठ्ठी अचूक लावता यावी, हा त्यामागील हेतू.

आज संगणक सीडीसाठी दर सेकंदास ४४,१०० वेळा ध्वनी मोजून तो अंकांत साठवितो. ‘फ्लॅक’ पद्धतीने ती साठवण आटोपशीर होते, तरी एकही अंक गळत नाही. मारुंजीतील एखाद्या घरी असा संग्रह एका संगणकात ठेवला, तर बिनतारी जाळ्यावरून तो कोणत्याही खोलीत ऐकता येतो.

मात्र प्रत्येक गाण्यासोबत गायक, राग व वर्ष नोंदलेले हवे. नोंद नसलेला सूर जपूनही हरवलेलाच राहतो.