दिवसा जमतं, मग रात्री का नाही? नुकतीच शू सांगायला शिकलेल्या मुलाची रात्र

तीन वर्षांचं मूल दिवसा न चुकता "शू आली" म्हणून सांगतं, डायपर सुटलं म्हणून घरात सगळे खूश असतात, आणि मग पावसाळा येतो. कर्जत-खालापूरकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. रात्री दोन वाजता वीज गेलेली, पत्र्यावर सरींचा आवाज, संडास अंगणाच्या पलीकडे. मूल उठून बसतं, रडतं, आई बॅटरी शोधते, तोवर गोधडी ओली. दोन-चार रात्री असं झालं की पालक दवाखान्यात विचारतात, "डॉक्टर, शिकलेलं सगळं विसरलं का हो?"

विसरलेलं नाही. दिवसा शू सांगणं आणि रात्री कोरडं राहणं ही शरीराच्या दृष्टीने दोन वेगळी कामं आहेत. दिवसा मूल जागं असतं. लघवी भरल्याचं त्याला कळतं, थोडा वेळ ते आवळून धरू शकतं, आणि हे सरावाने येतं. रात्रीसाठी मात्र लघवीची पिशवी पुरेशी मोठी व्हावी लागते. मेंदूला रात्री व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक जास्त सोडून लघवी कमी बनवायची सवय लागावी लागते. आणि पिशवी भरली की झोप मोडावी लागते. यातलं काहीही रागावून किंवा बक्षीस देऊन लवकर येत नाही.

पिशवीचा ढोबळ हिशोब असा: वयात एक मिळवा आणि तीसने गुणा. तीन वर्षांच्या मुलाची पिशवी साधारण १२० मिलिलिटरची, म्हणजे चहाच्या एका कपाएवढी. पाच वर्षांच्या मुलांमध्येही शंभरातली जवळपास पंधरा अंथरूण ओलं करतात. म्हणूनच पाच वर्षांच्या आधी आम्ही याला आजार म्हणत नाही आणि औषधही देत नाही.

तेव्हा तुमचं मूल रात्री उठून शू आली म्हणत असेल, तर त्याने त्याच्या वाटचं काम वयाच्या मानाने लवकरच केलं आहे. पुढची वाट सोपी करणं आपल्याकडे.

संडास बाहेर असेल तर

वाडीवर, गावात किंवा चाळीत राहत असाल आणि संडास घराबाहेर असेल, तर लहान मुलाला रात्री तिथे नेऊच नका. लघवीसाठी संडास लागत नाही. घरात मोरी असेल तर ती उत्तम. मोरी नसेल तर अंथरुणापासून चार पावलांवर प्लॅस्टिकची पॉटी किंवा पसरट भांडं ठेवा, तळाला थोडं पाणी घाला आणि सकाळी संडासात ओता. काही आजी म्हणतात की यामुळे घाणेरडी सवय लागते. माझा अनुभव उलट आहे. ज्या मुलाला अंधाराची, पावसाची भीती वाटते ते सांगतच नाही. ते धरून ठेवतं, आणि मग झोपेत होते.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. मण्यार रात्री फिरणारा साप आहे आणि त्याचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. पावसाळ्यात तो आणि विंचूही कोरड्या जागेच्या शोधात घराजवळ येतात. मोठ्यांना बाहेर जावंच लागलं तर बॅटरी हवी आणि चपला झटकून घालायला हव्यात. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या किंवा हातपाय गार पडणं असं काही दिसलं तर ती तातडीची वेळ आहे. आपल्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशात किती उपयोगी पडतं हे दाखवून दिलं, पण ते वेळेत मिळायला हवं. सापाचा नुसता संशय असला तरी जखम कापू नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

रोजच्या रात्री काय करायचं

झोपण्याआधी दोनदा शू: एकदा जेवणानंतर आणि एकदा अगदी अंथरुणावर टेकताना. पाणी तोडू नका, फक्त त्याची वेळ हलवा. दिवसभर भरपूर, संध्याकाळी कमी. रात्रीच्या जेवणात पापड, सुकट किंवा फरसाण असेल तर तहान लागणारच. लहान मुलांना चहा देतात तो बंद करा, कोराही नको.

नाडीची चड्डी रात्री नको. अर्धवट झोपेत गाठ सुटत नाही आणि तेवढ्यातच होतं. मोरीपर्यंत मंद दिवा ठेवा, वीज जाणाऱ्या गावात चार्जिंगचा. घरात संडास असला तरी भारतीय पद्धतीचं भांडं झोपाळलेल्या मुलाला मोठं वाटतं, पडायची भीती वाटते. त्याचे दोन्ही हात धरून बसवा.

अंथरूण दोन थरांचं करा: मेणकापड, चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि चादर. ओलं झालं की वरचा थर ओढून काढायचा आणि सगळ्यांनी झोपायचं. पहाटेची लोकल किंवा खोपोलीतली पहिली पाळी पकडणाऱ्या घरात याचं मोल मोठं आहे. रात्री तीनला चादर शोधताना तोंडून निघालेला शब्द आपल्याला सकाळी आठवतही नाही, मुलाला आठवतो. तेवढीही झोप परवडत नसेल तर काही महिने रात्रीपुरतं डायपर घाला, त्यात कमीपणा नाही.

तुम्ही झोपायला जाताना मुलाला एकदा उचलून शूला नेणं चालतं. चादर वाचते, पण त्याने मूल लवकर शिकत नाही. दर दोन तासांनी उठवण्यात काहीच अर्थ नाही.

पोट साफ आहे का?

हा प्रश्न मी नेहमी विचारतो, आणि पालकांना तो विषयाबाहेरचा वाटतो. आतड्यात कडक शी साठली की ती शेजारच्या लघवीच्या पिशवीवर दाबते. मग पिशवीत कमी मावतं. दिवसभर दूध-बिस्किटांवर राहणाऱ्या मुलांत हे फार दिसतं. दूध कमी करून पालेभाजी, पेरू, केळं, डाळ वाढवा. पोट सुरळीत झाल्यावर बऱ्याच मुलांच्या रात्रीही सुधारतात.

डॉक्टरांकडे केव्हा

लघवीला जळजळ, ताप, दिवसभर थेंब थेंब गळणं किंवा मुलाची धार बारीक असणं, यांपैकी काही असेल तर दाखवा. झोपेत मोठ्याने घोरणं आणि तोंडाने श्वास घेणं हेही सांगा. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं तर घरात काय बदललं ते आधी आठवा: नवं बाळ, नवी अंगणवाडी, भांडण. पण एकाएकी तहान वाढली, लघवी फार होऊ लागली आणि वजन उतरलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. लहान मुलांतला मधुमेह असाच सुरू होतो आणि त्यात थांबायला वेळ नसतो.

येताना दोन दिवसांची साधी नोंद आणा: काय आणि केव्हा प्यायलं, शू किती वेळा झाली, शी कशी होती. वहीचं एक पान पुरतं.