वाळलेल्या हाताचा मनुष्य
वाळलेल्या हाताच्या मनुष्यास बरे करणे हा नव्या करारात वर्णिलेला येशूचा एक चमत्कार आहे. मत्तय (१२:९-१४), मार्क (३:१-६) व लूक (६:६-११) या तिन्ही शुभवर्तमानांत तो येतो. हात उजवा होता, हे केवळ लूक सांगतो. यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रामदिनी, म्हणजे शब्बाथ दिवशी, येशूने सभास्थानात या मनुष्याला हात पुढे करण्यास सांगितले आणि हात बरा झाला. प्राण वाचवण्यासाठी शब्बाथ मोडण्याची मुभा यहुदी परंपरेतही आहे. येथे मात्र जिवाला धोका नव्हता. शब्बाथ संपेपर्यंत थांबता आले असते. वादाचे मर्म याच विलंबात आहे. मत्तयाच्या कथनात येशू खड्ड्यात पडलेल्या मेंढराचा दाखला देतो. विरोधकांच्या कठोर मनामुळे त्याला राग आला व दुःखही झाले, ही नोंद मार्कमध्येच सापडते. त्यानंतर परूशी हेरोदीयांसह त्याच्या घाताची मसलत करू लागले, असे मार्क सांगतो.