करार शेती: दर ठरला, पण माल किती उचलणार?

चिप्ससाठीच्या बटाट्याचा करार करताना बहुतेक शेतकरी आधी दर विचारतात. दर महत्त्वाचा आहेच. पण त्या दराने किती माल उचलण्याचे बंधन कंपनीवर आहे, हे त्याहून आधी विचारा.

आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारासारख्या भागात खरीप बटाट्याची लागवड जून-जुलैमध्ये होते, काढणी साधारण तीन महिन्यांनी. तेव्हा मागणी किती असेल, हे लागवडीवेळी कंपनीलाही नेमके माहीत नसते. म्हणून काही करारांत ‘गरजेनुसार खरेदी’ असे लिहिले जाते. अशा करारात मागणी घटली की तोटा शेतकऱ्याच्या अंगावर येतो.

उदाहरणार्थ, समजा उत्पादन १० टन, करार दर २० रुपये किलो आणि काढणीवेळी बाजारभाव १२ रुपये आहे.

• गरजेनुसार खरेदी: कंपनीने ६ टनच उचलले. उरलेले ४ टन बाजारात. एकूण १,६८,००० रुपये.
• किमान ९ टनांची हमी: उरलेला १ टन बाजारात. एकूण १,९२,००० रुपये.

दर तोच, फरक २४,००० रुपयांचा.

उलट बाजारभाव २६ रुपये झाला, तर माल बाहेर विकण्याचा मोह होतो आणि कंपनीला माल कमी पडतो. वाढीव ६ रुपयांतील निम्मे शेतकऱ्याला देण्याचे कलम असेल, तर २३ रुपये मिळतात. वाहतूक, हमाली आणि पुढच्या हंगामाचा करार विचारात घेता करार पाळणे परवडते.

सही करण्यापूर्वी तपासा:

• किमान खरेदी किती टन? ती न झाल्यास भरपाई किती?
• माल उचलण्याची शेवटची तारीख कोणती? उशीर झाल्यास घट कोण सोसणार?
• आकार, शुष्क पदार्थ आणि साखरेची तपासणी कुठे, कोणासमोर होणार? नाकारलेल्या मालाचे काय?
• बियाणे उधारीवर असल्यास, माल नाकारला तरी त्याची वसुली होणार का?

तुम्ही किती माल द्याल हे लिहून देताना चांगल्या वर्षाचे नव्हे, तर गेल्या तीन-चार हंगामांतील सर्वांत कमी उत्पादन धरा. सर्व क्षेत्र एकाच करारात गुंतवू नका.

विस्तार कार्यकर्त्यांनी ही कलमे बियाणे वाटपापूर्वीच गटात मराठीतून वाचून दाखवावीत. बियाणे जमिनीत गेल्यावर घासाघीस करायला शेतकऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही.