शेक संपल्यानंतरची वर्षं

तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्या माणसाची दाढ चार-पाच वर्षांनी दुखू लागते. आजार बरा झालेला असतो, फॉलोअपही हळूहळू सुटलेला असतो. तो जवळच्या दाताच्या दवाखान्यात जातो आणि दाढ काढून घेतो. एरवी अशी जखम काही आठवड्यांत भरून येते. याची मात्र भरत नाही. हिरडीतून हाड उघडं पडतं, पू येतो, कधी जबडाच मोडतो. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. शेक घेतलेल्या प्रत्येकाला हे होत नाही, पण ज्याला होतं त्याचे फार हाल होतात. त्यातून बऱ्याचदा ते टाळता आलं असतं, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला साधारण 60 ते 70 ग्रे इतका डोस देतात. रोज 2 ग्रे, आठवड्यातले पाच दिवस, असं सहा-सात आठवडे चालतं. किरणं पेशीतला डीएनए तोडतात, पण बहुतेक पेशी त्या क्षणी मरत नाहीत. विभागायची वेळ आली की मरतात. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी भराभर विभागतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, घास गिळवत नाही, आणि शेक संपल्यावर काही आठवड्यांत ते अस्तर पुन्हा येतं. पेशंटला आणि घरच्यांना वाटतं, सुटलो.

हाडाच्या, स्नायूंच्या आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी मात्र सावकाश विभागतात, त्यामुळे त्यांचं नुकसान महिन्यांनी, वर्षांनी दिसतं. केसासारख्या बारीक वाहिन्या अरुंद होत बंद पडतात. मऊ ऊतींच्या जागी घट्ट, तंतुमय ऊती तयार होतात. पाटाचं पाणी कमी झालं तरी उभं पीक काही दिवस तग धरतं, पण नवं पेरलेलं रुजत नाही. तसंच या हाडाचं. ते जगतं, पण जखम भरण्याची ताकद त्याच्यात राहत नाही. खालच्या जबड्याचं हाड जास्त टणक आणि त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून हा त्रास वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात अधिक.

म्हणूनच शेक सुरू होण्याआधी दात तपासून घेतात. वाचवता न येणारे दात तेव्हाच, निदान दोन आठवडे आधी काढतात, म्हणजे जखमा भरायला वेळ मिळतो. नंतर दात किडलाच तर शक्यतो रूट कॅनल करून तो जागेवर ठेवायचा. काढावाच लागला, तर त्या जागी किती डोस गेला होता हे दाताच्या डॉक्टरांनी रेडिएशनच्या डॉक्टरांना आधी विचारावं. ती नोंद उपचाराच्या फाइलमध्ये असते, आणि ती फाइल दहा वर्षांनीही टाकून द्यायची नाही.

दात किडतात त्याला मोठं कारण लाळ. लाळग्रंथींच्या पेशी सावकाश विभागतात, तरी पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच ढेपाळतात, आणि जास्त डोस मिळाला तर पुन्हा सावरत नाहीत. मग भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, रात्री कोरड पडून जाग येते. लाळ दात धुते, आम्ल मारते. ती आटली की दात हिरडीलगत झपाट्याने किडतात. फ्लोराइड रोज आणि आयुष्यभर लावायचं ते यासाठी. आयएमआरटी या तंत्रात कानाखालच्या ग्रंथींना जाणारा डोस कमी ठेवता येतो. ब्रिटनमधल्या पारस्पोर्ट चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. जुन्या पद्धतीने शेक घेतलेल्यांपैकी 74 टक्के लोकांना वर्षानंतरही तोंडाच्या कोरडेपणाचा लक्षणीय त्रास होता, तर आयएमआरटीत 38 टक्क्यांना. फरक मोठा आहे, पण त्रास संपलेला नाही.

तोंड उघडण्याचा प्रश्न आपल्याकडे जास्त बिकट. गुटखा आणि सुपारीने अनेकांचं तोंड कॅन्सरच्या आधीच आखडलेलं असतं, त्यात शेकामुळे चावण्याचे स्नायू आणखी आवळतात. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर डॉक्टरांना दाखवावं. जबड्याचे व्यायाम शेक चालू असतानाच सुरू करावेत, आणि तो संपल्यावरही सोडू नयेत. एकदा घट्ट झालेला स्नायू सैल करणं फार कठीण जातं.

मानेला शेक बसला असेल तर तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्या काही वर्षांनी अरुंद होऊ शकतात, आणि त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. तंबाखू सोडणं आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं इथेही लागतंच.

थायरॉइडकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं. मानेत असल्यामुळे तिलाही डोस मिळतो आणि ती हळूहळू मंदावते. थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं, उदास वाटणं. घरचे म्हणतात, एवढ्या मोठ्या आजारातून उठलाय, असं व्हायचंच. खरं तर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने टीएसएच ही रक्ततपासणी केली की ते कळतं, आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या एका गोळीने बरंचसं सावरतं.