नऊ घरांचा सातबारा

रेड हॅट किंवा फेडोरा लिनक्सवर ‘आरपीएम -व्ही’ लिहून पुढे पॅकेजचं नाव दिलं, तर सारं ठीक असताना पडद्यावर काहीच उमटत नाही. खोट निघाली, तरच नऊ घरांची एक ओळ येते:

. एम . . . यू . . .

शेजारी फाइलीचा पत्ता. टिंब म्हणजे तपासणी पार, अक्षर म्हणजे तफावत. पहिल्या घरात ‘एस’ आला तर आकार बदललाय, तिसऱ्यात ‘५’ आला तर मजकूर. ‘एम’ म्हणजे परवानग्या आणि ‘यू’ म्हणजे मालक.

ताळा कशाशी घेतला जातो? प्रत्येक पॅकेज येतानाच आपल्या फाइलींचा सातबारा सोबत आणतं: मालक कोण, गट कोणता, कुणाला काय करता येईल. ती नोंद डेटाबेसमध्ये जपून ठेवलेली असते.

परवानगी तीन आकड्यांत मावते. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. म्हणून ७५५ म्हणजे मालकाला सगळं, गटाला आणि इतरांना फक्त वाचणं-चालवणं. पण पासवर्ड बदलणाऱ्या ‘पासडब्ल्यूडी’ची नोंद ४७५५ अशी असते. पुढचा ४ मोठा करामती आहे. प्रोग्राम कुणीही चालवो, तेवढ्यापुरता तो मालकाच्या, म्हणजे इथे सर्वाधिकारी वापरकर्ता ‘रूट’च्या, अधिकाराने चालतो. म्हणूनच साध्या वापरकर्त्याला जी फाइल उघडताही येत नाही, तिच्यात त्याचा नवा पासवर्ड लिहिला जातो. ही युक्ती बेल लॅब्जच्या डेनिस रिचींची. तिच्या पेटंटसाठी १९७३ मध्ये अर्ज झाला आणि १९७९ मध्ये ते मिळालं.

आता समजा, घाईघाईत कुणी ‘यूएसआर’ फोल्डरमधल्या झाडून सगळ्या फाइली स्वतःच्या नावावर केल्या. परवानग्यांना हातही लावला नाही. तपासणीत फाइलींची यादी दाखवणाऱ्या साध्या ‘एलएस’समोर एकटा ‘यू’ येतो. पासडब्ल्यूडीसमोर मात्र ‘यू’बरोबर ‘एम’ही! हा कुठून आला?

मालक बदलताक्षणी लिनक्सच्या कर्नलने तो पुढचा ४ गुपचूप काढून घेतला. तसाच राहिला असता, तर तो प्रोग्राम चालवणाऱ्या कुणाच्याही हाती नव्या मालकाचे अधिकार पडले असते. हुकूम रूटचा असला तरी कर्नल इथे सूट देत नाही. साध्या वापरकर्त्याला रूटचे हुकूम चालवू देणारा ‘सुडो’ही याच ४ वर जगतो. त्यामुळे दुरुस्तीचं हत्यारच निकामी होतं आणि थेट रूट म्हणून लॉगिन करावं लागतं.

दुरुस्तीतही क्रम चुकवून चालत नाही. आधी मालकी पूर्ववत करायची, मग परवानग्या. उलट केलं, तर परत बसवलेला ४ मालकी बदलताना पुन्हा गळून पडतो.

मग तपासणी पुन्हा चालवावी आणि पडदा कोरा राहावा. पण ही शांतता फक्त इतकंच सांगते, की फाइल नोंदीबरहुकूम आहे. पॅकेज बांधणाऱ्यानेच चुकीची परवानगी लिहिली असेल, तर आरपीएम त्या चुकीशीही इमानाने ताळा जुळवून गप्प बसतं. म्हणून पॅकेज बाहेर पडण्याआधी ‘आरपीएमलिंट’सारखं साधन ती नोंदच डोळ्यांखालून घालतं.