शिक्षक बडतर्फ झाला, गुणांचे काय?

जालना : गैरवर्तन, कामचुकारपणा किंवा बनावट प्रमाणपत्र अशा कारणांवरून एखादा शिक्षक निलंबित वा बडतर्फ झाला, की गावात चर्चा होते ती त्या शिक्षकाची. त्याच्या वर्गात बसलेल्या मुलांच्या गुणांचे पुढे काय होते, हा प्रश्न पालकांच्या मनातच राहतो. राग धरून कमी दिलेले गुण वाढवून मिळतात का? मर्जीतल्यांना दिलेले गुण काढून घेतले जातात का? आणि वर्षभर शिकवलेच नसेल, तर त्याची भरपाई कोण करणार? भोकरदन असो वा परतूर, एका विषयाला एकच शिक्षक असलेल्या शाळेत हे प्रश्न अधिकच टोकदार होतात. त्यांचे थोडक्यात उत्तर असे : शिक्षक गेला म्हणून गुण आपोआप बदलत नाहीत. ते बदलायचे तर स्वतंत्रपणे, पुराव्यासह आणि वेळेत मागणी करावी लागते.

चौकशी शिक्षकाची, गुणांची नव्हे

खासगी शाळांतील शिक्षकांवरील कारवाई महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१च्या नियमावलीनुसार होते. आरोपपत्र देऊन तीन सदस्यांची समिती चौकशी करते. तिच्यात संस्थेचा एक प्रतिनिधी, शिक्षकाने नेमलेला एक आणि पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतील एक सदस्य असतो. चौकशी १२० दिवसांत पूर्ण होणे अपेक्षित असते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६४चे शिस्त व अपील नियम लागू आहेत.

हे सर्व नियम नोकरीविषयी आहेत. शिक्षक दोषी आहे की नाही, एवढेच त्यातून ठरते. त्याने तपासलेल्या वह्या आणि दिलेले गुण हा शाळेच्या परीक्षा अभिलेखाचा भाग असतो व त्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. शिवाय बडतर्फ शिक्षकाला ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते आणि तेथे त्याची पुनर्नियुक्तीही होऊ शकते. गुण नोकरीला बांधले, तर प्रत्येक निकालाबरोबर मुलांची गुणपत्रिका बदलत राहील.

कायद्यातही याला आधार सापडतो. नेमणूक नंतर सदोष ठरली, तरी त्या पदावरून रीतसर झालेले काम लोकहितासाठी वैध मानावे, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८१मध्ये गोकराजू रंगराजू खटल्यात मान्य केले. तो खटला न्यायाधीशांच्या नेमणुकांचा होता. पण त्यामागचा विचार शाळेलाही लागू पडावा असाच आहे. शिक्षकाचे प्रमाणपत्र बनावट निघाले, तरी त्याच्या वर्गातून उत्तीर्ण झालेला मुलगा बनावट ठरत नाही.

कळीचे २० गुण

दहावीला प्रत्येक मुख्य विषयाच्या १०० गुणांपैकी २० गुण शाळेच्या हाती असतात. तोंडी परीक्षा, स्वाध्याय, प्रात्यक्षिक असे त्याचे स्वरूप असते. या गुणांचे वजन किती, हे २०१९मध्ये दिसले. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण नव्हते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी हे गुण पुन्हा सुरू झाले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. परीक्षा रद्द झालेल्या २०२१मध्ये तर संपूर्ण निकालच शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर लागला.

तक्रारीची खरी जागा हीच आहे. लेखी उत्तरपत्रिका बाहेरचे परीक्षक तपासतात. तिची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मंडळाकडून मिळते. अंतर्गत गुण मात्र त्याच शिक्षकाने दिलेले असतात. ते मंडळाकडे जाण्यापूर्वी हरकत घेतली, तर मुख्याध्यापकांना दुसऱ्या विषयशिक्षकाकडून फेरतपासणी करून घेणे सोपे जाते. निकाल लागल्यावर तीच वाट फार अवघड होते.

गुण केव्हा रद्द होतात?

गुणांमध्येच फेरफार झाल्याचे दिसले, तर प्रश्न वेगळा होतो. १९९०च्या दहावीच्या परीक्षेत मुंबई विभागात नियामकांच्या गुणतक्त्यांत फेरफार करून काही विद्यार्थ्यांचे गुण वाढवल्याचे उघड झाले. मंडळाने २८३ जणांचे निकाल रोखून चौकशी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९१मध्ये न्यायालयाने मंडळाची कारवाई उचलून धरली. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा येथे लागत नाही, परिस्थितीवरून निघणारा सबळ निष्कर्षही पुरतो, असा त्या निकालाचा आशय होता.

मात्र विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल रद्द करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्येच घनश्याम दास गुप्ता खटल्यात स्पष्ट केले होते. जालना जिल्हा ज्या विभागीय मंडळाखाली येतो, त्या छत्रपती संभाजीनगर मंडळाला २०२३मध्ये याच कसोटीला सामोरे जावे लागले. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या ३७२ उत्तरपत्रिकांत वेगळे हस्ताक्षर आढळले. मुलांना सुनावणीसाठी बोलावण्यात आले. ते अक्षर आपले नाही, असे त्यांनी सांगितले. पुढे सोयगाव तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयाच्या दोन शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. सुनावणी झाली नसती, तर संशयाचे बोट मुलांकडेच राहिले असते.

पालकांनी काय करावे?

पहिले पाऊल म्हणजे मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज. त्यात विषय, चाचणी आणि नेमकी हरकत नमूद करावी व पोच घ्यावी. 'शिक्षक वाईट होता' एवढे पुरत नाही. 'या स्वाध्यायाला शून्य, पण वही पूर्ण आहे' असे म्हणावे लागते. म्हणून तपासलेल्या वह्या आणि चाचणीच्या उत्तरपत्रिका जपून ठेवाव्यात. तपासलेली आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. शाळेने दाद दिली नाही, तर गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी यांच्याकडे जावे. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा, असे कायदा सांगतो.

गुण राहिले, शिकणे राहून गेले

सर्वात मोठे नुकसान गुणपत्रिकेवर दिसतच नाही. न शिकवता सढळ हाताने गुण देणारा शिक्षक गेला, तर त्या गुणांविरुद्ध कोणी तक्रार करत नाही. मुलगा पुढच्या वर्गात जातो आणि तेथे अडखळतो. अभ्यासक्रम पूर्ण करणे आणि गरजेनुसार जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य असल्याचे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ सांगते. शासकीय व अनुदानित शाळांतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत, असे कलम २६ बजावते. तेव्हा शिक्षक गेल्यावर पालक सभेत पहिला प्रश्न 'गुण किती वाढतील' हा नसावा. 'नवा शिक्षक केव्हा येणार आणि राहिलेले धडे कोण शिकवणार' हा असावा. गुणांची दुरुस्ती एका अर्जाने होऊ शकते. बुडालेल्या वर्षाची होत नाही.