एका मृत्युपत्रातून उगवलेलं विद्यापीठ

मराठी वाचकाला मँचेस्टर ठाऊक आहे ते कापडामुळे. इचलकरंजीची ओळख आजही ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ अशी करून दिली जाते. त्या मूळच्या मँचेस्टरमध्ये कापडाच्या पैशातून गिरण्यांपलीकडचंही काही उभं राहिलं. हिंदुस्थान, चीन, दक्षिण अमेरिका अशा दूरच्या बाजारांत माल धाडणारे व्यापारी जॉन ओवेन्स १८४६ मध्ये वारले आणि मागे महाविद्यालयासाठी सुमारे ९६ हजार पौंड ठेवून गेले. मृत्युपत्रात अट होती की शिकणाऱ्याला किंवा शिकवणाऱ्याला त्याचा धर्मपंथ विचारायचा नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजमधली पंथाची सक्ती कायद्याने उठायला १८७१ साल उजाडलं, हे लक्षात घेतलं की ही अट किती पुढची होती ते कळतं. पण त्याच मृत्युपत्रात असंही लिहिलं होतं की शिक्षण मुलग्यांना द्यायचं, वय चौदाच्या खाली नको.

१८५१ साली ओवेन्स कॉलेज सुरू झालं आणि त्याचंच पुढे मँचेस्टर विद्यापीठ झालं. तिथल्या नामवंतांची यादी चाळताना मृत्युपत्रातल्या या दोन्ही गोष्टी पदोपदी समोर येतात. एकीने जगभरातली माणसं आत आणली, दुसरीने निम्म्या माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवलं.

वयाच्या अटीत जेमतेम बसणारा एक मुलगा १८७० मध्ये चौदाव्या वर्षी इथे दाखल झाला. त्याचं नाव जोसेफ जॉन थॉमसन. पुढे केंब्रिजमध्ये त्याने इलेक्ट्रॉन शोधला. पण मँचेस्टरच्या भौतिकशास्त्राचं भाग्य उजळलं ते आर्थर शूस्टर यांच्यामुळे. फ्रँकफर्टमध्ये ज्यू घराण्यात जन्मलेले शूस्टर इथेच शिकले, इथेच प्राध्यापक झाले आणि १९०० साली त्यांनी उत्तम प्रयोगशाळा बांधून घेतली. १९०७ मध्ये, अजून बरीच वर्षं नोकरी करता आली असती तेव्हा, ते आपणहून पायउतार झाले. आपल्या जागी अर्नेस्ट रदरफर्ड यावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. शिवाय गणिती भौतिकशास्त्राच्या प्रपाठकपदासाठी त्यांनी पदरचे पैसे दिले. त्या पदावर पुढे डेन्मार्कचे नील्स बोर येऊन बसले. शूस्टर यांना नोबेल मिळालं नाही, पण या विद्यापीठाच्या इतिहासात त्यांच्याइतकी दूरदृष्टी क्वचितच कुणी दाखवली असेल.

न्यूझीलंडच्या शेतकरी कुटुंबातून आलेले रदरफर्ड मँचेस्टरला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं सर्वांत मोठं काम मात्र त्यानंतरचं. १९०९ मध्ये हान्स गायगर हा जर्मन संशोधक आणि अर्नेस्ट मार्सडेन हा पदवीही न झालेला वीस वर्षांचा विद्यार्थी यांच्यावर त्यांनी एक काम सोपवलं. सोन्यासारख्या धातूच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कण सोडायचे आणि ते कुठे जातात ते पाहायचं. पाहायचं म्हणजे अक्षरशः डोळ्यांनी. आधी अंधारात बसून डोळे सरावू द्यायचे, मग झिंक सल्फाइडच्या पडद्यावर सूक्ष्मदर्शक रोखून कण आदळल्यावर उमटणाऱ्या बारीक ठिणग्या एकेक करून मोजायच्या. नजर थकली की दुसऱ्याने बसायचं. बहुतेक कण पत्र्यातून आरपार जात होते. पण सुमारे आठ हजारांतला एखादा चक्क उलटा फिरत होता. या उलट्या फिरणाऱ्या कणांचा अर्थ लावत रदरफर्ड यांनी १९११ मध्ये अणुकेंद्राची कल्पना मांडली. वीस वर्षांच्या पोराच्या मोजणीवर प्राध्यापकाने एवढा विश्वास टाकला, याचं मोल त्या शोधाइतकंच मोठं आहे.

त्याच वर्षी जेम्स चॅडविक इथून पदवीधर झाले. त्यांना खरं तर गणित शिकायचं होतं. प्रवेशाच्या वेळी चुकून भौतिकशास्त्राच्या मुलाखतीला जाऊन बसले आणि भिडस्तपणामुळे चूक सांगू शकले नाहीत. १९३२ मध्ये न्यूट्रॉनचा शोध लावला तो याच चॅडविकनी.

पहिल्या महायुद्धाने या घरातली माणसं पांगवली. गायगर आणि मार्सडेन एकमेकांविरुद्धच्या सैन्यांत गेले. चॅडविक बर्लिनमध्ये अडकले आणि युद्ध संपेपर्यंत रूलेबेनच्या छावणीत नजरकैदेत राहिले. क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचे अणुक्रमांक पक्के करण्याचं काम मँचेस्टरमध्ये सुरू करणारे हेन्री मोझ्ली १९१५ च्या ऑगस्टमध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले. ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

स्त्रियांसाठी बंद असलेलं दार यादरम्यान किलकिलं होत होतं. विद्यापीठाच्या १८८० च्या सनदेने स्त्रियांना पदव्या देण्याची मुभा दिली. १९०४ मध्ये वनस्पतिशास्त्रात मेरी स्टोप्स यांची नेमणूक झाली. विद्यापीठाच्या विज्ञान शाखेतल्या त्या पहिल्या अध्यापिका. जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासक असलेल्या या बाई पुढे संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या म्हणून जगभर गाजल्या. १९०६ मध्ये क्रिस्टाबेल पँकहर्स्ट कायद्याची पदवी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. पण त्या काळी इंग्लंडमध्ये स्त्रीला वकिलीची सनदच मिळत नव्हती. कायदा बदलला तो १९१९ मध्ये. कोर्टात त्यांना उभं राहावं लागलं ते स्त्रियांच्या मताधिकारासाठी, तेही आरोपी म्हणून. विद्यापीठाने पदवी दिली, देशाने तिचा उपयोग करू दिला नाही, असा तो अन्याय होता.

१९३७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट आले आणि मँचेस्टर वैश्विक किरणांच्या अभ्यासाचं ठाणं बनलं. या प्रयोगशाळेचा एक धागा थेट मुंबईशी जुळतो. कोलकात्यात देवेंद्र मोहन बोस यांच्याबरोबर वैश्विक किरणांतल्या नव्या कणांचा माग काढणाऱ्या विभा चौधुरी पीएच.डी.साठी ब्लॅकेट यांच्याकडे आल्या आणि वैश्विक किरणांच्या कणवर्षावांवर काम करून १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. होमी भाभांच्या त्या संस्थेतल्या त्या पहिल्या महिला संशोधक. हयातीत त्यांना मानसन्मान फारसे लाभले नाहीत. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या उपक्रमात एका ताऱ्याला ‘विभा’ हे नाव मिळालं, तेव्हा कुठे अनेकांना त्या माहीत झाल्या. ब्लॅकेट यांना मात्र १९४८ मध्येच नोबेल मिळालं होतं.

ब्लॅकेट यांचेच सहकारी बर्नार्ड लोव्हेल. युद्धात वापरून झालेली रडार यंत्रं घेऊन त्यांना वैश्विक किरणांचे प्रतिध्वनी शोधायचे होते, पण ऑक्सफर्ड रोडवरच्या ट्रॅमगाड्यांमुळे यंत्रांत नुसती खरखर येई. म्हणून १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची जॉड्रेल बँक येथली मोकळी जागा गाठली. तिथे १९५७ मध्ये ७६ मीटर व्यासाची दुर्बीण उभी राहिली. तिच्या यंत्रणेत मोडीत काढलेल्या युद्धनौकांच्या तोफांचे भागही बसवले होते. खर्च अंदाजाबाहेर गेला, लोव्हेल यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्याच ऑक्टोबरात स्पुटनिक अवकाशात गेलं आणि त्याला वाहून नेणाऱ्या रॉकेटचा वेध या दुर्बिणीने रडारने घेतला. टीकेची धार एकदम बोथट झाली.

संगणकाची कहाणीही इथलीच. २१ जून १९४८ रोजी फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांच्या ‘बेबी’ या यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवून दाखवला. ही स्मृती म्हणजे कॅथोड रे ट्यूबच्या पडद्यावरचे ठिपके, एकूण १,०२४ बिट. किलबर्न यांनी लिहिलेला प्रोग्रॅम एका मोठ्या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक शोधत होता. ५२ मिनिटं यंत्र राबलं आणि उत्तर बरोबर आलं.

त्याच वर्षी गणितज्ञ ॲलन ट्युरिंग मँचेस्टरला आले. यंत्र विचार करू शकेल का, हा प्रश्न मांडणारा त्यांचा १९५० चा प्रसिद्ध लेख इथल्याच वास्तव्यातला. १९५२ मध्ये समलैंगिक संबंधांवरून त्यांच्यावर खटला झाला आणि तुरुंग टाळण्यासाठी संप्रेरकांचे उपचार सोसावे लागले. विद्यापीठाने त्यांची नोकरी राखली, पण कायद्याने त्यांना जे भोगायला लावलं ते भरून निघणारं नव्हतं. १९५४ मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. राजघराण्याकडून माफी आली ती २०१३ मध्ये.

१९४८ सालीच सेंट लुसिया या कॅरिबियन बेटावरचे आर्थर लुईस तेहतिसाव्या वर्षी अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ब्रिटिश विद्यापीठात अध्यासन मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय मानले जातात. शेतीत अडकून पडलेलं जादा मनुष्यबळ उद्योगांकडे कसं वळतं, याची मांडणी करणारा त्यांचा १९५४ चा लेख भारतातही पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला गेला. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोवोसेलोव हे दोघे रशियात जन्मले, नेदरलँड्समार्गे मँचेस्टरला पोचले. शुक्रवारी संध्याकाळी ठरलेल्या कामाबाहेरचे प्रयोग करून पाहायचे, अशी गाइम यांची रीत. ग्रॅफाइटचा पृष्ठभाग साफ करायला चिकटपट्टी वापरतात आणि ती कचऱ्यात फेकतात. त्या पट्टीला चिकटलेले पापुद्रे पुन्हा पुन्हा सोलत हे दोघे एका अणूइतक्या जाडीच्या थरापर्यंत, म्हणजेच ग्राफीनपर्यंत, पोचले. ग्राफीनवरचा शोधनिबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २०१० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. नोवोसेलोव तेव्हा छत्तीस वर्षांचे होते.

विद्यापीठ आपल्याशी नातं असलेल्या नोबेलविजेत्यांची मोठी यादी सांगतं. न्यूझीलंड, डेन्मार्क, सेंट लुसिया, रशिया असे सगळे देश त्या यादीत भेटतात, पण स्त्री एकही नाही. पंथ न विचारण्याच्या अटीने भरभरून दिलं. ‘मुलग्यांना’ या एका शब्दाची किंमत मात्र कितीतरी पिढ्यांनी मोजली. मेरी स्टोप्स यांच्या नेमणुकीनंतर १०६ वर्षांनी, गाइम-नोवोसेलोव यांना नोबेल मिळालं त्याच २०१० साली, मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक नॅन्सी रॉथवेल या मँचेस्टर विद्यापीठाच्या पहिल्या महिला अध्यक्ष आणि कुलगुरू झाल्या.